मेणाचा राजा आणि माशांची दोन कुळे

एका राज्यात मधमाशांची दोन कुळे नांदत होती. काळ्या कड्यावरच्या माशा घडेच्या घडे मध साठवीत, पण जवळ जाणाऱ्याचे तोंड सुजून भोपळा होई. नदीकाठच्या मळ्यातल्या माशा अगदी गरीब, हातावर येऊन बसत; पण वर्षाकाठी त्यांचा मध निघे वाटीभर.

त्या राज्याचा राजा मेघदत्त मोठा उतावळा. कड्यावरचा मध सुखासुखी मिळेना, म्हणून त्याने एके वर्षी पलिते लावून मोहोळे जाळली. मेण ओघळून पायथ्याशी आले. कड्यावर कपिलाक्ष नावाचा मांत्रिक राहत असे. तो खाली उतरला, ते मेण त्याने बोटावर घेतले आणि म्हणाला, "राजा, तूही हेच हो." राजा उभ्या जागी मेणाचा झाला.

राणी सुलेखाने मांत्रिकाचे पाय धरले, तेव्हा त्याने उःशाप दिला. "लागोपाठ तीन वसंत राजाच्या अंगाला मध चोळावा. मध एकाच मोहोळातला आणि घडाभर असावा. त्या मोहोळाची राणीमाशी दर वर्षी नवी असावी. मध धुराविना, उघड्या हातांनी काढावा, आणि काढणाऱ्याला एकही डंख बसू नये. एका वसंतात चुकलात, तर पुन्हा पहिल्यापासून."

राजाला तळघरात वाळ्याच्या ओल्या पडद्यांआड ठेवले. तरी दर उन्हाळ्यात तो थोडा थोडा पाझरे. तिसऱ्या उन्हाळ्यात त्याच्या नाकाचा शेंडा वितळला, तेव्हा राणीने वेणाईला बोलावणे धाडले.

वेणाई मळ्यातल्या माशा पाळी. चाळिशी उलटलेली, एकटी, मोजके बोलणारी बाई. माणसांपेक्षा माशांत तिचे मन अधिक रमे.

"वेणाई, हे काम होईल?" राणीने विचारले.

"मळ्याची माशी मध देत नाही, कड्याची जवळ येऊ देत नाही. दोघींचे गुण एकीत उतरले, तर होईल, राणीसाहेब."

"म्हणजे दोन कुळांची सोयरीक?"

"होय. तीच करून बघते."

पावसाळा सरताच वेणाई कडा चढून गेली. मांत्रिक दगडावर बसला होता. तिने हात जोडले. "महाराज, मला मध नको. जन्मून एकच दिवस झालेल्या बारा अळ्या द्या."

मांत्रिकाने तिच्या हातांकडे पाहिले. पलिता नव्हता, धुरी नव्हती. त्याने पोळ्याचा तळहाताएवढा तुकडा तिच्या टोपलीत ठेवला.

घरी येऊन तिने पिसाच्या काडीने एकेक अळी उचलली आणि मेणाच्या इवल्या वाट्यांत निजवली. त्या वाट्या तिने राणीमाशी हरवलेल्या मोहोळात टांगल्या. पोरक्या माशांनी त्या अळ्यांना राणी घडवणारे राजान्न भरवले, आणि बाराव्या दिवशी कड्याच्या कुळातल्या नव्या राण्या बाहेर आल्या.

आता त्यांचे लग्न. राणीमाशी भर दुपारी उंच आभाळात उडते आणि तिथेच नरांशी तिचा संग होतो. ते माणसाच्या हाती नाही. वेणाईने राण्यांना नदीतल्या बेटावर नेले. तिथे मळ्याच्या माशांवाचून दुसरी माशी नव्हती. पण तिथल्या वाळक्या फांदीवर एक हिरवा पक्षी बसला होता, माशा टिपून खाणारा वेडा राघू.

"राघोबा, माझ्या राण्या खाऊ नकोस," वेणाई म्हणाली.

"वेडा म्हणाली नाहीस, म्हणून ऐकतो," राघू म्हणाला. "पण मी खाऊ काय?"

"हंगाम सरला की माशा आपल्या नरांना हाकलून देतात. ते सगळे तुझे."

राघूने मान डोलावली. राण्या उडाल्या आणि सुखरूप परतल्या. त्यांच्या पोटी ज्या माशा निपजल्या, त्यांची आई कड्याची आणि बाप मळ्याचे. वसंत आला. वेणाईने श्वास रोखून मोहोळात हात घातला. माशा बोटांवरून चालत गेल्या, एकही चावली नाही. घडा काठोकाठ भरला. राणीने तो मध राजाला चोळला, आणि राजाचे पाय गुडघ्यांपर्यंत हाडामांसाचे झाले.

वेणाईला आनंद मावेना. पुन्हा कडा कशाला चढायचा, असे तिच्या मनाने घेतले. तिने सर्वांत गुणी मोहोळ निवडले आणि त्याच्याच लेकींना राण्या केले. लेकी इतक्या गोड, मग त्यांच्या पोटी काय कमी पडणार?

दुसरा वसंत आला. पहिल्या मोहोळातून निघाला वाटीभर मध. दुसऱ्यातल्या माशा गरीब, पण पोळे अर्धे रिकामे. तिसरे मोहोळ जड लागले. तिने हात घातला आणि अकरा डंख बसले, एक तर थेट भुवईवर. तळघरात राजाचे पाय पुन्हा मेणाचे झाले.

राणी रागे भरली नाही. तिने स्वतःच्या हातांनी वेणाईच्या भुवईला लेप लावला. त्यानेच वेणाईला रडू फुटले.

ती बेटावर जाऊन बसली. राघू फांदीवर एक माशी आपटीत होता.

"चूक कुठे झाली, राघोबा?"

"मी पिढ्यानपिढ्या माशा खातो, बाई. जीभ मला सगळे सांगते. कड्याच्या माशा चवीला एकसारख्या. मळ्याच्याही एकसारख्या. गेल्या वर्षीच्या तुझ्या माशा दोघींहून निराळ्या, पण त्याही आपसांत एकसारख्या. आणि औंदा? एक तिखट, एक गोड, एक फिकी. दर घासाला नवी चव. मला तर मजा आली."

पाण्याकडे बघता बघता वेणाईला उमगले. पहिल्या पिढीत प्रत्येक माशीला दोन्ही कुळांचा सारखा वाटा मिळतो. पुढच्या पिढीत तोच वाटा विस्कटतो. कुणाच्या वाट्याला काय येईल, सांगता येत नाही. पहिल्या पिढीचा गोडवा खरा होता, फक्त तो त्या एकाच पिढीचा होता.

"म्हणजे दर वर्षी नवी सोयरीक करायची," ती उठत म्हणाली. "आणि दोन्ही कुळे जशीच्या तशी राखायची."

तिने राणीला तसे सांगितले. राणीने दवंडी पिटवली: कड्याच्या मोहोळांना कुणी हात लावू नये, मळ्याच्या माशांना कमी मधाच्या म्हणून कुणी हाकलू नये, आणि एका कुळाची मोहोळे दुसऱ्याच्या शेजारी ठेवू नयेत.

त्यानंतर तीन शरद वेणाई कडा चढली. तीनदा टोपलीत अळ्या आल्या, तीनदा राण्या बेटावर उडाल्या. पहिल्या वसंतात राजाचे पाय सुटले. दुसऱ्या वसंतात छाती धडधडू लागली. तिसऱ्या वसंतात राणीने त्याच्या पापण्यांना मध लावला आणि राजा मेघदत्ताने डोळे उघडले. नाकाचा शेंडा तेवढा परतला नाही. राणी म्हणाली, "असेच शोभते तुम्हाला."

राज्यात पुरणपोळीचे जेवण झाले. पण शरद लागताच वेणाई पुन्हा टोपली घेऊन निघालेली राजाला दिसली.

"शाप तर सरला," राजा म्हणाला. "आता का चढतेस?"

"शाप तुम्हाला होता, महाराज. माशांचा गोडवा पहिल्यापासून एका पिढीचाच आहे."

राजाने जोडे काढून ठेवले आणि तिच्या मागून कडा चढू लागला. वर मांत्रिकापुढे तो वाकला, आणि पोळ्याचा तुकडा उचलायला त्याने आपला हात पुढे केला. कड्याच्या माशीने त्याच्या अंगठ्याला सणसणीत डंख मारला.

राजाने अंगठा डोळ्यांपुढे धरला. तो लाल होत होता, ठणकत होता, सुजत होता.

"वेणाई," तो हसत म्हणाला, "दुखतंय गं!"

त्या राज्यात दर वसंती जसे घडे भरले, तशी ऐकणाऱ्यांची शिंकाळी भरोत.