उंबरातली निवड आणि तळ्यावरची रांग

पळसाच्या एका जंगलात, उथळ तळ्याच्या काठी, एक टिटवी राहत असे. तिला घरटे बांधता येत नसे. काठावरच्या गोट्यांमध्ये पायाने जराशी खळगी करून ती तिथेच अंडी घाली. अंडीही गोट्यांसारखीच, मातकट आणि ठिपक्यांची. तुम्ही अगदी जवळ जाऊन उभे राहिलात तरी तुम्हाला ती दिसणार नाहीत. उलट तुमचा पाय त्यांच्यावर पडण्याचीच भीती जास्त. उन्हाळा लागला की तळ्यावर दिवसभर झळा थरथरत. पळसाच्या पाकळ्या पाण्यावर गळत आणि वाऱ्याच्या मनाला येईल तिकडे हळूहळू सरकत. अशा वेळी सगळे जंगल पेंगत असे. टिटवीही एका पायावर उभी राहून पेंगल्यासारखी दिसे, पण दूर कुठे पाचोळा वाजला तरी तिचा आवाज तळ्यावरून सपकन जाई आणि गवतातले ससे बिळांत शिरत.

पाणी आटू लागले की त्या जंगलात एक राखणदार निवडत. प्यायची पाळी कुणाची, डुंबायचे कुणी आणि कुठे, हे राखणदार ठरवी आणि पाऊस येईपर्यंत सगळे त्याचे ऐकत. जंगलात दोन मोठी कुळे होती : पंखवाले आणि खुरवाले. आधी प्रत्येक कूळ आपला एक उमेदवार ठरवी. मग ठरलेल्या सकाळी दोघे उमेदवार पाण्याशी उभे राहत आणि ज्याला जो हवा त्याच्या मागे तो रांग धरी. मोजता कुणालाच येत नसे. म्हणून एक इकडचा आणि एक तिकडचा असे जोडीने पुढे येत, शेजारी शेजारी पाणी पीत आणि बाजूला होत. चिमणी आणि रानगवा एकाच पाण्यात तोंड घालत. असे करता करता ज्याच्या मागे कुणीतरी उरे, तो राखणदार.

कुळातली निवड मात्र दोघांची वेगळी. खुरवाले उघड्या कुरणात जमत. तिथे कुणीही यावे, कुणाच्याही बाजूला उभे राहावे. पंखवाले एका जुन्या उंबरात जमत. उंबराचा पाला इतका दाट की आत काय चालले आहे ते बाहेर कळत नसे, आणि ज्याला पंख नाहीत त्याला आत घेत नसत. ससा, मुंगूस, खार, माळावरचे कासव यांना ना पंख ना खूर. ते कुठल्याच कुळातले नव्हते.

त्या वर्षी उंबरात सगळ्यांच्या तोंडी एकच नाव होते, मोराचे. मोर सगळ्यांत उंच फांदीवर बसला होता आणि त्याचा पिसारा पानांतून खाली लोंबत होता. एक सुगरण मात्र म्हणाली, "टिटवीताई का नको? ती काठावरच असते. कोण येतं, कोण जातं, सगळं तिला ठाऊक."

पोपट हसून हसून फांदीवरून खाली घसरला. "टिटवी? अहो, तिचा आवाज ऐकलाय का? राखणदारानं हुकूम सोडला की सगळ्यांनी कान झाकून पळायचं का?"

उंबर हसला. टिटवी फांदीवर बसत नसे, म्हणून ती बुंध्याशी उभी होती. तिने मान खाली घातली. तेवढ्यात पाल्याबाहेरून एक हलका आवाज आला, "आम्हीपण बोलू का? आम्हाला टिटवीताई..." तो ससा होता.

"पंख आहेत का?" पोपटाने वरून विचारले.

"नाहीत."

"मग लांब कानांनी नुसतं ऐक. बोलायचं काम आमचं."

मोर निवडला गेला. कुणी भांडले नाही. टिटवीलाही त्यात फार वाईट वाटले नाही. सगळ्यांपुढे उभे राहण्याची तिला लाजच वाटत होती.

आता एक साळुंकी होती. तळ्यावर वाकलेल्या जांभळाच्या फांदीवर बसून ती पाणी प्यायला येणाऱ्या प्रत्येकाला गोड आवाजात विचारी, "काय हो, राखणदार कोण व्हावा?" मोर म्हटले की ती बुंध्याशी पळसाची एक पाकळी ठेवी, दुसरे कुणी म्हटले की वाळके पान. दिवस कलला की ती आपल्या थव्यात परत जाई. थोड्याच दिवसांत बुंध्याशी पाकळ्यांचा लालभडक ढीग झाला आणि पानांची नुसती चिमूट. ढीग बघायला लांबून लांबून पाखरे येऊ लागली. मोरही रोज एकदा येऊन तो बघून जाई.

त्या ढिगाकडे बघतच पोपटाला एक युक्ती सुचली. "उद्या कुरणात खुरवाल्यांची निवड आहे," तो म्हणाला. "ते चितळाला उभं करणार. चितळ भला आहे, सगळ्यांना आवडतो. कशाला अंगावर घ्या? कुरण तर उघडंच आहे! आपण जायचं आणि रानडुकराच्या बाजूला उभं राहायचं. डुकराला कोण विचारतंय? तो समोर आला की आपला मोर झोपेतसुद्धा जिंकेल."

"आणि डुक्कर जिंकला तर?" टिटवीने विचारले.

"बाई गं, हा ढीग बघ की! साळुंकीबाईंनी सगळ्या जंगलाला विचारलंय."

साळुंकीने मान डोलावली. "सगळ्यांना म्हणजे सगळ्यांना."

दुसऱ्या दिवशी थवेच्या थवे कुरणात उतरले आणि रानडुकराच्या मागे कुरण गजबजून गेले. चितळ एकदा त्या पाखरांकडे, एकदा आपल्या कळपाकडे बघत राहिला. मग बाजूला झाला. खुरवाल्यांचा उमेदवार रानडुक्कर ठरला. पोपट परत येताना वाटभर शीळ घालत होता.

त्या संध्याकाळी साळुंकी गेल्यावर, नेहमीप्रमाणे, डुकरांचा कळप तळ्यावर आला. थोरल्या डुकराने काठाचा वास घेतला. टिटवीच्या गोट्यांपासून तो चार हातांवर होता.

"इथली माती मऊ दिसते," तो आपल्या कळपाला म्हणाला. "राखणदार झालो की हा सगळा काठ आपला. गोटे उकरून फेकू आणि लोळायला मस्त चिखल करू."

टिटवी पंख पसरून मध्ये उभी राहिली. "इथे माझी अंडी आहेत."

"कुठं? मला तर काही दिसत नाही." डुक्कर खरेच सांगत होता, त्याला गोटेच दिसत होते. "आणि आरडाओरडा कशाला करतेस? तुझ्याच पाखरांनी मला उभा केलाय. जा, त्यांना विचार."

टिटवी रात्रभर अंड्यांवर बसून राहिली आणि उजाडताच एक गोष्ट तिच्या लक्षात आली. काठावरच्या ओल्या मातीत पाखरांची नखे उमटली होती, चितळांचे आणि डुकरांचे खूर उमटले होते, पण सशाचे पाऊल एकही नव्हते. मुंगसाचे नव्हते. कासवाच्या फरफटीची खूण नव्हती. डुकरे येऊ लागल्यापासून त्यांच्या धाकाने ते दिवसाही पाण्यावर येत नव्हते. आणि जे पाण्यावर आलेच नाहीत, त्यांना जांभळावरच्या साळुंकीने विचारले कधी? डुकरे तर ती गेल्यावर येत.

टिटवी गवतातून चालत सशाच्या बिळाशी गेली. ससे दगडांच्या सावलीत पडून होते आणि पहाटेचे दव चाटून उरलेल्या ओल्या गवताच्या काड्या चघळत होते.

"तुम्ही कुणाच्या मागे उभे राहणार?" तिने विचारले.

"कुणाच्याच नाही," म्हातारा ससा म्हणाला. "डुक्कर नको, ते तर तुलाही कळतं. पण मोराच्या मागं का उभं राहायचं? संकट आलं की तो उडून उंच फांदीवर बसतो. आम्ही कुठं उडणार? आमच्यासाठी ओरडतेस तू. तू असतीस तर सगळी बिळं रिकामी करून आलो असतो."

"मला निवडलं नाही."

"आणि आम्हाला निवडू दिलं नाही." ससा हसला, पण त्याचे ओठ कोरडे होते. "तुमचा उंबर फार दाट आहे, ताई."

टिटवी थेट जांभळाखाली आली आणि पाहिले ते सगळे साळुंकीला आणि तिथेच बसलेल्या पोपटाला सांगितले. साळुंकी रागावली. "माझा ढीग खोटा म्हणतेस?"

"ढीग खरा आहे. पण तो पाण्यावर येणाऱ्यांचा ढीग आहे."

"बघू सकाळी," पोपट जांभई देत म्हणाला. "जिंकलेली रांग आहे ही. मी तर थोडा उशिराच येईन म्हणतो."

निवडीची सकाळ पांढऱ्या धुक्यात उगवली. तळे कुठे संपते आणि आभाळ कुठे सुरू होते ते कळत नव्हते. डुक्कर पाण्याशी उभा होता आणि त्याच्यामागे त्याचा सगळा कळप; त्यामागे रानगवे, आणि मान खाली घातलेली चितळे, कारण कुळाचा उमेदवार म्हटल्यावर त्यांना दुसरीकडे जाणे बरे दिसत नव्हते. ती रांग धुक्यात शिरून दिसेनाशी झाली होती. दुसऱ्या बाजूला मोर उभा होता. त्याने सवयीने पाण्यात स्वतःला पाहिले. मग मागे वळून रांग पाहिली. कितीतरी पाखरे आलीच नव्हती. जिंकलोच आहोत म्हणून ती उंबरात झोपून राहिली होती. रांगेच्या अगदी शेवटी, गोट्यांपाशी, टिटवी होती. डुकरे इतकी जवळ असताना अंडी सोडून पुढे येणे तिला शक्यच नव्हते. आणि दूर उंचवट्यावर, धुक्यात, लांब कान दिसत होते. पुष्कळ लांब कान.

"ते कुणाच्या मागे आहेत?" मोराने हळूच विचारले.

"कुणाच्याच नाही," सुगरण म्हणाली. "ते टिटवीताईंसाठी आले असते."

मोर देखणा होता आणि ते त्याला फार ठाऊक होते. पुढे उभे राहणे त्याला जन्मापासून आवडत आले होते. त्याने एकदा त्या शेवटच्या टोकाकडे पाहिले. टिटवी पुढे बघतच नव्हती. मान वाकवून ती चोचीने एक अंडे पोटाखाली सरकवत होती.

"सगळ्यांनी मागे वळा," मोर म्हणाला.

"काय?"

"आहात तिथेच उभे राहा. फक्त तोंड फिरवा."

पाखरे एकामागून एक वळली. पंखांची सळसळ रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. आता रांगेत सगळ्यांत पुढे टिटवी होती आणि सगळ्यांत मागे मोर, आपला पिसारा मिटून.

"हे चालायचं नाही!" डुक्कर गुरगुरला. "उंबरात मोर ठरला होता!"

"उंबरात ठरला होता," मोर म्हणाला. "पण उंबरात सगळे नव्हते."

उंचवट्यावरचे कान हलले. ससे आले, मुंगूस आले, खारी झाडांवरून उतरल्या आणि मोराच्या मागे रांग वाढू लागली. मग जोडीने पाणी पिणे सुरू झाले. एक डुक्कर, एक पाखरू. एक गवा, एक ससा. तहानलेले ससे इतके प्यायले की त्यांना मिशा बुडेपर्यंत भान राहिले नाही. डुकराची रांग लांब होती. धुके विरत गेले, ऊन आले, तरी जोड्या संपेनात. अखेर इकडचे एक मुंगूस आणि तिकडचे एक चितळ यांनी शेजारी पाणी प्यायले आणि दोन्ही बाजूंना कुणीच उरले नाही.

दोन्ही रांगा एकदमच संपल्या होत्या.

"थांबा हो," गवतातून आवाज आला. "मी पहाटेच निघालोय."

ते माळावरचे कासव होते. सगळे जंगल उभे राहून त्याच्याकडे बघत राहिले. ते गवतातून आले, वाळूतून आले, मध्ये एकदा थांबून त्याने दम घेतला, आणि "घाई करू नका" असेही वर सांगितले. मग टिटवीच्या बाजूने पाण्याशी आले आणि एकट्यानेच पोटभर पाणी प्यायले.

टिटवी राखणदार झाली. तिने पहिलाच हुकूम दिला तोही लाजत लाजत : डुकरांनी पलीकडच्या काठाला लोळावे, तिथे चिखल जास्त आहे. डुक्कर कुरकुरत गेला आणि चिखल खरेच जास्त निघाल्यावर कुरकुरायचा थांबला.

दुपारी उंबरात मोठा कालवा झाला. काही म्हणाले, आता दार सगळ्यांना उघडे टाका. काही म्हणाले, छे, मग आपण कुरणात केले तेच डुकरे इथे येऊन करतील. टिटवीला विचारले तेव्हा ती म्हणाली, "ज्यांना कुठलंच कूळ नाही, त्यांना आत घ्या. पण जो उंबरात उभा राहील, त्यानं त्या वर्षी कुरणात जायचं नाही. आणि कुरणात गेला, त्यानं इथं यायचं नाही." यावर पोपट नेमका शेंगा सोलण्यात गुंतला होता.

संध्याकाळी साळुंकी जांभळावरून उतरली आणि गवतातून सशाच्या बिळाशी गेली. एवढे चालायची सवय नसल्याने ती दमली होती. "तुला काय वाटतं?" तिने विचारले.

ससा बिळातून बाहेर आला. पाण्यावरून संध्याकाळचा गार वारा येत होता. ससा कितीतरी वेळ तसाच बसून राहिला, कारण असे आजवर त्याला कुणी विचारलेच नव्हते.

तात्पर्य : जे आपल्यापर्यंत पोहोचू शकत नाहीत त्यांना न विचारता बांधलेला अंदाज हा सगळ्यांचा कौल नसतो, आणि जो दुसऱ्याच्या अंगणात मुद्दाम वाईट निवड करून येतो, त्याच्याच घरावर ती चालून येते.