साठ टिकाव, एक विहीर

"साठ माणसं देतो. उद्या दिवस मावळायच्या आत विहीर खणून झाली पाहिजे! नाहीतर बायकापोरांसह माझ्या राज्यातून चालता हो!"

सूर्यभान राजाने हैबती बेलदाराला असं फर्मानच सोडलं. अशी विहीर खणायला चार माणसांना पंधरा दिवस लागतात, हे त्यानेच राजाला सांगितलं होतं. झालं! दरबारचे वाचस्पतिशास्त्री लगेच पुढे सरसावले. त्यांनी जन्मात कुदळ धरली नव्हती, पण उंटावरून शेळ्या हाकण्यात त्यांचा हात कोण धरणार?

"महाराज, अगदी पायरीपायरीने सांगतो. चार माणसं, पंधरा दिवस. पंधरा चोक साठ. म्हणजे साठ माणसं, एक दिवस! हा बेलदार आळशी आहे. त्रैराशिक कधी चुकत नाही!"

राजाला ते पटलं. राजांना असलं लवकर पटतं.

हैबतीबरोबर त्याची लेक साळूही दरबारात आली होती. ती म्हणाली, "करतो की म्हाराज! फकस्त साठ माणसं हिरीत कशी हुभी करायची, तेवढं शास्त्रीबुवांनी दावावं."

"त्यात काय दाखवायचं?" शास्त्री फणकारले.

साळूने बापाची मापाची दोरी घेतली आणि दरबाराच्या फरशीवर चुन्याने सहा हात रुंदीचं रिंगण आखलं. "ही आमची हीर. या शास्त्रीबुवा, पयलं मानूस तुमीच!"

शास्त्री ऐटीत मधोमध उभे राहिले. मागोमाग एकेक शिपाई टिकाव घेऊन आत शिरू लागला. दहा झाले, पंधरा झाले. पंचविसावा घुसला तेव्हा शास्त्रीबुवांची पगडी एकाच्या काखेत आणि नाक दुसऱ्याच्या पाठीत अडकलं होतं.

"अजून पस्तीस बाकी हायती!" साळू ओरडली. "तवर आत हायती त्यांनी टिकाव उचला!"

"थांबा, थांबा! माझं टाळकं फुटेल!" शास्त्री किंचाळले.

"टाळकं फुटू द्या की! त्रैराशिक तर चुकत न्हाई न्हवं?"

दरबारात खसखस पिकली. राजालाही हसू येत होतं, पण हट्टी माणूस! "ते काही नाही! मला पंधरा दिवस थांबायचं नाही!"

"नका थांबू. आता माझ्या पायऱ्या ऐका. हिरीत एका वक्ताला चारच मानसं टिकाव चालवतात. चौघं दमली की वर येतील, ताजी चौघं उतरतील. दिवसरातीत अशा तीन पाळ्या. म्हंजे बारा मानसं एका दिवसात तीन दिवसांचं काम करतील. पाच त्रिक पंधरा. पाच दिवसांत हीर तयार!"

राजाने बोटांवर मोजून पाहिलं. हिशेब बिनचूक होता. "आणि उरलेल्या अठ्ठेचाळीस जणांचं काय करू?"

"घरी धाडा, म्हाराज. शास्त्रीबुवांना मातुर ठिवा. मातीच्या पाट्या वर वढायला आमाला एक गडी कमीच हाय!"

राजा पोट धरधरून हसला. त्याने हातातलं सोन्याचं कडं काढून साळूला दिलं आणि हैबतीला पाच दिवसांची मुदत दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी शास्त्रीबुवा धोतराचा काचा मारून पहिली पाटी वर ओढत होते.