पंतोजींचा ळ

एकदा एक विद्वान आपला ग्रंथ नदीत सोडून द्यायला निघाला होता. त्याचं नाव नीळकंठ. ग्रंथ लिहायला त्याला बारा वर्षं लागली होती.

तरुणपणी तो चार गुरूंकडे शिकला होता. तर्कशास्त्र्यांनी त्याला सांगितलं की, दोरीपासून सुटल्यावरही बाण पुढे जातो, कारण त्याच्यात वेग राहतो. वैद्यराज म्हणत, शिंक, जांभई, आसवं हे शरीराचे वेग आहेत, ते अडवू नयेत. गवयाने शिकवलं की तान गळ्याने नुसती उचलायची असते, पुढे ती स्वतःच्या वेगाने उतरते. आणि व्याकरणाचे गुरुजी सांगत, एका अक्षरावर जोर दिला की सगळं वाक्य त्या बाजूला कलतं. नीळकंठाला वाटू लागलं, चारही जण एकाच गोष्टीविषयी बोलत आहेत. तेच त्याने ग्रंथात मांडलं.

नगरातल्या विद्वत्सभेत तो वाचायला उभा राहिला. पहिलं प्रकरण संपण्याआधीच एका वृद्ध शास्त्र्यांनी हात वर केला. "चार ठिकाणी मिळतेजुळते शब्द आले म्हणून वस्तू एक होत नाही. या चौघांत समान काय आहे, ते एका वाक्यात सांगा."

नीळकंठाला ते वाक्य सांगता आलं नाही. सभेत कुणीतरी हसलं. त्याने पोथी कापडात बांधली आणि तो त्याच दिवशी निघाला.

नदीची वाट त्याच्या जन्मगावावरून जात होती. गावाच्या कडेला, गोठ्याला लागून असलेल्या पडवीत पंतोजींची शाळा होती. तिथेच तो अक्षरं शिकला होता. त्याला वाटलं, जाता जाता नमस्कार करून जावं.

पडवी तशीच होती. शेणाने सारवलेली जमीन, आढ्याला टांगलेलं घोंगडं, शेजारच्या गोठ्यातून येणारा ओल्या कडब्याचा वास. नीळकंठ क्षणभर सात वर्षांचा झाला. त्या दिवशी शाळेला सुट्टी होती. ऐंशी ओलांडलेले पंतोजी एकटेच खांबाला टेकून बसले होते. त्यांची दृष्टी पार गेली होती.

"कोण आहे?"

"मी नीळकंठ, पंतोजी. वाण्याच्या घराशेजारचा."

"ये. बस. आवाज का असा?"

नीळकंठाने सगळं सांगितलं. चार गुरूंचं म्हणणं, सभा, ते हसणं, आणि आपण कुठे निघालो आहोत तेही. पंतोजींनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "कोपऱ्यात धूळपाटी आहे. ती घे, धूळ सारखी पसर आणि तुझं नाव लिही."

बारा वर्षांचं काम बुडवायला निघालेल्या माणसाला हे काय सांगणं? पण पंतोजींचा शब्द त्याने कधी मोडला नव्हता. त्याने फळीवर बारीक धूळ पसरली आणि बोटाने आपलं नाव लिहिलं.

पंतोजींनी फळी मांडीवर घेतली. धुळीतल्या खाचांवरून ते अलगद बोट फिरवू लागले. नी झाला. ळ वर बोट थांबलं, पुन्हा मागे आलं, पुन्हा फिरलं. त्यांच्या चेहऱ्यावर हसू उमटलं आणि लगेच मावळलं.

"तुझ्या ळ चं दुसरं वेटोळं खाली झुकलंय."

"माझं अक्षर पहिल्यापासून तसंच आहे."

"तुझं नव्हे." पंतोजींनी आपला उजवा हात पुढे केला. त्यांची तर्जनी मधल्या पेरापाशी वाकडी होती. "लहानपणी रहाटात सापडलं हे. त्यामुळे माझं बोट दुसऱ्या वेटोळ्याला घसरतं. तुझं बोट सरळ आहे ना? मग ळ का झुकावा?"

नीळकंठ आपल्या बोटाकडे पाहत राहिला.

"मी तुझा हात धरून गिरवलं ते जेमतेम दोन महिने," पंतोजी म्हणाले. "मग हात सोडला. त्याला तीस वर्षं झाली. दोरी मागे राहते, बाण जातो. गवई श्वास सोडतो, तान जाते. अक्षरावरचा जोर सरतो, वाक्य कलतच राहतं. देणारा मागे राहिला तरी दिलेलं चालत राहतं, त्याला मी वेग म्हणेन. सभेला हे पटेल की नाही, ठाऊक नाही. मी शास्त्री नाही."

"आणि वैद्यांची आसवं?" नीळकंठाने विचारलं. विचारताना त्याचाच आवाज भरून आला होता.

"तुला आत्ता येताहेत ती कुणी ढकलली? इथे तर आज काहीच घडलेलं नाही. ढकलणारं कधीच मागे राहिलं."

पंतोजींनी मांडीवरची फळी खाली ठेवली. मग पंतोजी हळू आवाजात म्हणाले, "ग्रंथात एक मात्र लिही. वेगाला बरंवाईट कळत नाही. माझं वाकडेपणही तितक्याच निष्ठेने पुढे गेलं. गावातल्या किती मुलांचे ळ मी बिघडवले असतील. मला कळलं तेव्हा डोळे गेले होते, सुधारणार कसं?"

आयुष्यभर इतरांना शिकवत आलेला तो म्हातारा अपराध्यासारखा बसला होता. नीळकंठाने त्यांचा वाकड्या बोटाचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. "मला तो ळ प्रिय आहे, पंतोजी."

"असू दे. पण पोरांना सरळ शिकव."

नीळकंठ नदीवर गेला नाही. दुसऱ्या दिवशी मुलं आली तेव्हा तोच पाटीपुढे बसला. नवे पंतोजी मिळेपर्यंत, चार महिने, त्याने शाळा चालवली. दुपारी मुलं घरी गेली की तो ग्रंथाची पानं नव्याने लिही. रोज पहाटे धुळीवर सरळ ळ काढायचा सराव करी. तो त्याला साधायला सतरा दिवस लागले.

पंतोजी त्या वर्षीच्या हिवाळ्यात गेले. पुढे सभेने ग्रंथ अर्धा मान्य केला, अर्ध्यावर अजून वाद चालतो असं म्हणतात.

पण नीळकंठाला त्या चार महिन्यांतली आठवण राहिली ती वेगळीच. एक चिमुरडी अक्षर गिरवत होती. त्याने तिचा हात धरला होता. मधेच त्याने आपली पकड सैल केली, मग हात अगदी काढूनच घेतला. तिला ते कळलं नाही. धुळीवर तिचं बोट पुढे चालत राहिलं, आणि तो श्वास रोखून पाहत राहिला.