सरपंचांची ओटी

कौसल्या घुगे बोरखेडीची सरपंच झाली, पण खुर्चीत बसायचे तिचे यजमान, निवृत्तीराव. ती दाराजवळच्या सतरंजीवर बसायची आणि सांगितलं की सही करायची. दोन वर्षं असंच चाललं.

संक्रांतीनंतरच्या सभेत मात्र ती सरळ खुर्चीपाशी जाऊन उभी राहिली. "आज मी बसते," म्हणाली.

उपसरपंच बाजीनानांनी मिशीवरून हात फिरवला. "सूनबाई, नवरा-बायको काय वेगळे असतात होय? तो बसला काय अन् तू बसलीस काय, सरपंच एकच!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. निवृत्तीराव जागचे हलले नाहीत.

"बरं झालं नाना, तुम्हीच सांगितलंत," कौसल्या म्हणाली. "तिकडं शाळेत हळदीकुंकू आहे. सरपंचांची ओटी भरायची म्हणून बायका खोळंबल्यात. मग ह्यांनाच पाठवा. ओटी घ्यायला पदर तेवढा माझा देते."

सभा खो खो हसली. निवृत्तीराव उठले आणि चपला शोधत बाहेर गेले.

कौसल्या खुर्चीत बसली. तिनं पहिला विषय वाचायला सांगितला, पण तिचं लक्ष दाराकडंच होतं. बोलली होती ती नानांना, आणि माणसं हसली होती निवृत्तीरावांना. हीच खुर्ची तिनं सकाळी चहा देताना त्यांच्याकडं साध्या शब्दांत मागितली होती. तेव्हा ते नुसतं हो म्हणाले असते, तर तिला एवढं हुशार व्हावंच लागलं नसतं.