नाव घेऊन केलेली प्रार्थना

सन १९७१. एप्रिल महिना, गुड फ्रायडेचा आठवडा. बुधवारची तापलेली दुपार.

“पण बाबा, मी खोटं काय बोललो?”

विचारणारा हनोख कसबे. बायबल शाळेतून नुकताच शिकून आलेला. दुसऱ्या दिवशी, गुरुवारच्या प्रभुभोजनाला, तो पहिला उपदेश करणार होता. पाळक एलियाबाबा साळवे चर्चच्या पायरीवर प्रभुभोजनाचे पेले पुसत बसले होते.

बाबा पेला पुसत राहिले.

मंडळीतल्या मार्थाबाईने हनोखला एकट्याला सांगितले होते, पोरगा दारू पितो, त्याच्यासाठी प्रार्थना कर. हनोखने ती केली. रविवारी, भरल्या उपासनेत. “हे प्रभू, मार्थाबाईच्या सिलासला दारूतून सोडव.”

सिलास मागच्या चटईवर बसला होता. लोक आमेन म्हणेपर्यंत तो उठून गेला. तेव्हापासून घरी नाही. आज सकाळी गावाने विहिरीत गळ टाकून पाहिले.

“विहिरीत तर काही सापडलं नाही,” हनोख म्हणाला. “येईल तो. सत्य बोचतंच, बाबा.”

“गुडघे टेक. प्रार्थना करू.”

बाबांनी डोळे मिटले आणि आवाज चढवला.

“हे प्रभू, हा तुझा सेवक हनोख कसबे. हा बायबल शाळेत असताना...”

आत बाया जमीन सारवत होत्या. त्यांचे हात थांबले.

हनोखने डोळे उघडले. शाळेतली ती गोष्ट त्याने फक्त बाबांना सांगितली होती, रडत.

“शाळेत असताना...”

त्याने बाबांची बाही घट्ट धरली.

“...तू याला सांभाळलंस. पुढेही सांभाळ. आमेन.”

“एवढंच होय?” आतून एक बाई म्हणाली. “मी हातातला पोतेरा सोडून ऐकत होते.”

बाया हसल्या. सारवण पुन्हा सुरू झाले.

“बाबा... तुम्ही सांगितलं असतं?”

“खोटं होतं का ते?”

हनोखने बाही सोडली. बाबांनी पुढचा पेला उचलला.

हनोख मार्थाबाईच्या घरी गेला. ती दारात बसली होती. तिने मान वर केली नाही.

“मावशी, कुठं गेला असेल तो?”

“आता कुणाला काही सांगायची हिंमत होत नाही रे.”

हनोख उन्हात उभाच राहिला.

“...मामाची वीटभट्टी आहे नदीपलीकडं,” ती शेवटी म्हणाली. “माणूस पाठवायची भीती वाटते. तिथंही नसला तर?”

हनोखने सायकल काढली.

सिलास भट्टीवर विटा रचत होता. हनोखला पाहून त्याने हात झटकले.

“या, हनोखभाऊ. इथं पण प्रार्थना घेता का? मजूर गोळा करतो.”

“आईनं तुझं मला विश्वासानं सांगितलं होतं. मी ते चव्हाट्यावर मांडलं. चुकलो.”

“दारू तर मी पितोच.”

“पितोस. वाईट करतोस. पण हे तुझ्याजवळ येऊन बोलायला हवं होतं. तुझ्याशी बोलायची मला भीती वाटली, म्हणून देवाला सांगितलं.”

सिलासने आणखी काही विटा रचल्या.

“आई जेवते का?”

“नाही.”

तो सायकलच्या मागे बसला.

गुरुवारी संध्याकाळी चर्च भरले. मार्थाबाई आली. तिच्यामागून सिलास आला आणि दाराशीच बसला, उठून जाता येईल असा.

उपदेशासाठी हनोख उभा राहिला. बायबल त्याने उघडले नाही.

“रविवारी याच जागेवर मी प्रार्थना केली नाही. डोळे मिटून चहाडी केली. जिच्या घरची केली त्या माउलीची आणि तिच्या मुलाची मी क्षमा मागतो.”

एवढे बोलून तो खाली बसला.

मार्थाबाईने मागे वळून दाराकडे पाहिले. सिलास जागेवरच होता.

एलियाबाबा उठले.

“आता प्रार्थना करू.”