मैनाबाईचा मारवेल

खडकमाळ हे गाव नावाप्रमाणेच खडकाचं. गावाच्या उशाला मोठं गायरान आणि गायरानाच्या कडेला कुडाची एक मठी. त्या मठीत दाजीबुवा महाराज राहत असत, तेव्हाची ही गोष्ट. महाराज कीर्तन क्वचित करीत, प्रवचन त्याहून क्वचित. गुराढोरांवर मात्र त्यांचा फार जीव. रोज गायरानात फिरत, वाकून वाकून गवत बघत, आणि गावातली शहाणी माणसं त्यांना हसत. शहाण्यांना हसायला काहीतरी लागतंच.

मैनाबाई गावाची गुरं राखायची. नवरा गेलेला, पोटी मूल नाही, घरात एक गाय एवढाच तिचा संसार. एकदा ती मठीत आली आणि म्हणाली, "बाबा, मला एखादं नाम द्या. लई मोठं नगं, माझ्या ध्यानात न्हाई राहायचं."

महाराज तिला गायरानातल्या ओढ्यालगतच्या बांधावर घेऊन गेले. तिथल्या गवताची एक काडी तिच्या हातात देऊन म्हणाले, "पेरावरून बोट फिरव, माय. काय लागतं?"

"मऊ लागतंय. पांढरी लव हाय, पेराभवती गोल."

"हा मारवेल. एकदा मुळं धरली की वर्षानुवर्षं फुटत राहतो. गुरांचं पक्वान्नच हे. आणि पेर गुळगुळीत, शेंड्याला टोकदार कुसळं, ती कुसळी. ती वाळली की जनावराच्या तोंडात घुसते. आषाढात मारवेलाचे ठोंब उपट, मुळं सोडव, आणि इथे हात-हात अंतरावर लाव. एका ठोंबाला एकदा पांडुरंग म्हण. हेच तुझं नाम."

मैनाबाईने ओढ्यालगतच्या तुकड्यात हजारभर ठोंब लावले. दोन पावसाळे तिथे जनावर शिरू दिलं नाही. कापलं तेही बुडखा चार बोटं राखून. गाव पोट धरून हसलं. आपोआप उगवणारं गवत कोणी लावतं का? सगळ्यांत मोठ्याने हसले ते हैबतराव पाटील. त्यांना खिलार बैलांचा नाद, आणि दर फाल्गुनात गायरान पेटवायचा मान त्यांच्या घराण्याचा. माळ जाळला की पुढचं गवत जोमाने येतं, अशी गावाची पक्की समजूत होती. त्या समजुतीपायी माळावरचा मारवेल केव्हाच संपत आला होता, आणि मातीत बी खोल रोवून बसणारी कुसळी तेवढी माजली होती.

पहिल्या फाल्गुनात आग ओढ्याच्या अलीकडेच विझली होती; दुसऱ्या फाल्गुनात मैनाबाई पाटलांच्या ओट्यापुढे उभी राहिली. "पाटील, वढ्याकडचा तुकडा तेवढा सोडा. गाय चैतात विणार हाय. तिच्या तोंडात घालाया मला दुसरं कायबी न्हाई."

"गवतावर नाव कोरलंय व्हय गं तुझं?" हैबतराव म्हणाले. "तुझे म्हाराज खरे असतील तर आग वळसा घालून जाईल."

आग वळसा घालून गेली नाही. घटकाभरात तुकडा काळा पडला. मैनाबाई राखेत बसून राहिली, तिला रडूही येईना. महाराज आले आणि तिच्या शेजारी राखेतच बसले. कढत भुईवर त्यांनी आपला तळवा टेकला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"बाबा, माझं नाम जळालं," ती म्हणाली.

"वरचं गवत जळालं, माय. तू म्हटलेलं खाली आहे."

पाचव्या दिवशी सकाळी मैनाबाई तिकडे गेली. आभाळात ढग नव्हता, ओढा ठणठणीत कोरडा, आणि राखेतून ठोंब न् ठोंब पोपटी फुटला होता! केवढी ही कृपा! तिने पहिल्यांदा गाईचं नाव घेतलं, मग देवाचं.

त्याच सकाळी हैबतराव मठीत आले. त्यांचा लाडका बैल हरण्या कुसळीचा वाळला चारा खाऊन आजारी पडला होता. जीभ सुजलेली, तोंडात जखमा, चार दिवसांत पोटात काडी नाही. पाटलांनी स्वतः बसून एकेक कुसळ काढलं होतं, तरी त्याला चावता येईना. कोणाला आवडो न आवडो, त्या माणसाची बैलावर माया खरी होती.

महाराज म्हणाले, "त्याला कोवळं गवत हवं. ते एकट्या मैनाबाईकडे आहे. तिला मागा."

हैबतराव हरण्याला घेऊन ओढ्याकडे गेले. "मावशी," ते म्हणाले आणि त्यांनी हरण्याचं तोंड तिच्यापुढे केलं. मैनाबाईने बैलाच्या गळणाऱ्या तोंडाकडे पाहिलं, मग आपल्या कोंभांकडे. विळ्यावरचा तिचा हात थबकला, हेही सांगायला हवं. आज कापलं तर गाईला काय घालायचं?

"मुक्या जिवानं आग न्हाई लावली," ती शेवटी म्हणाली आणि खाली बसली. हळूहळू वरवरचं कापून एकेक मूठ तिने हरण्याच्या तोंडात दिली. तो खाऊ लागला.

आणि ऐका, दुसऱ्या दिवशी पाहावं तर कापलेला मारवेल पुन्हा तेवढाच वर आलेला! नऊ दिवस ती रोज कापत होती, रोज तो भरून येत होता. बैलाला पुरला, गाईलाही पुरला. दहाव्या दिवशी हरण्या हंबरला, तेव्हा हैबतराव धावत मठीत गेले आणि महाराजांचे पाय धरू लागले. महाराजांनी पाय मागे घेतले. म्हणाले, "हात जिचे राबले, तिच्याकडे जा."

मैनाबाई तुकड्यातच होती, आणि रोज भरून येणारं गवत बघायला सगळं गाव बांधावर जमलं होतं. पाटील घाईने तिच्याकडे निघाले, तशी ती कळवळून म्हणाली, "पाटील, थांबा. कोंभावर पाय पडंल."

पाटील थांबले. पागोटं काढून त्यांनी बाजूला ठेवलं आणि कडेच्या जळक्या भुईवरच, सगळ्या गावादेखत, डोकं टेकलं. उठले तेव्हा कपाळ काळं झालं होतं. मैनाबाईने पुसायला पदर पुढे केला, पण त्यांनी मान हलवली. आपणच लावलेल्या आगीची ती राख कपाळावर तशीच ठेवून हैबतराव भर दिवसा गावातून घरी गेले.