धुऊन आणलेली पिकअप

"...मग मिस मारते कुठे? मला तर दाखवा."

मी बॉनेटवर हात आपटून विचारलं. समोर इंजिन शहाण्या मुलासारखं चालू होतं. एक ठोका चुकत नव्हता.

"घाटात मारते," वत्सलाताई चोगले म्हणाल्या. "हर्णैला मासळी भरली, चढ लागला, की दम्याच्या पेशंटसारखी करते. काल तर मध्येच बंद पडली. बर्फाचं पाणी, सुरमईचा लगदा. आता नाही जमलं तर गाडी विकते. सांगून ठेवते."

प्लग मी बदलले होते. कॉइल बदलली होती. प्लगच्या वायरी नव्या टाकल्या होत्या. दर वेळी ही जुनी पिकअप इथून गात जायची आणि घाटात रडायची.

आमचे उस्ताद, हसनचाचा मुकादम, गॅरेजच्या दारात खुर्चीत बसून चहा फुंकत होते. सकाळीच म्हणाले होते, "या वेळी सापडलं नाही तर तू पंक्चरवर. बॉनेटला हात लावायचा नाही."

मी कॉलेज सोडलं ते इंजिनं उघडायला. ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघायला नाही.

"चाचा, तुम्हीच सांगा ना."

चाचा चहा पीत राहिले...

म्हातारा गप्प बसला की लोक त्याला ज्ञानी म्हणतात. मला वाटतं, निम्म्या वेळा त्यालाही माहीत नसतं.

मग ते बोलले. माझ्याशी नाही.

"वत्सला, गाडी धुतलीस?"

"धुतली की. साबण लावून. मासळीच्या वासाची गाडी तुमच्या दारात कशी आणू?"

"माल?"

"उतरवला. दुसऱ्याच्या दारात कुणी घाण घेऊन जातं का?"

"सगळे असेच आणतात," चाचा म्हणाले. कप खाली ठेवला. "सुजल, ही गाडी बरी आहे."

"बरी असती तर काल बंद का पडली?"

"आत्ता बरी आहे. बऱ्याला औषध देत बसलास तू महिनाभर. आधी बिघडव."

"कशी बिघडवू?"

चाचा उठले. गुडघे कडकडले, तसे ते रोज कडकडतात आणि रोज आम्हाला ऐकवले जातात. चालत समोरच्या चहाच्या टपरीपाशी गेले.

तिथे बाकड्यावर गावातले म्हातारे बसतात. सकाळी येतात, जगाची वाट कशी लागली ते ठरवतात, जेवायला घरी जातात, परत येतात. माजी सरपंच झगडे. मला दहावीत गणितात नापास करणारे बर्वे मास्तर. बाकीचेही त्याच मापाचे.

"चला," चाचा म्हणाले. "गाडीत बसा."

"कुठे जायचंय?"

"बसा तर आधी."

एरवी ही माणसं कुणाचं ऐकत नाहीत. पण गाडीत बसायला सगळी उठली. एकमेकांना ढकलत, धोतरं सावरत, शिव्या देत मागच्या हौद्यात चढली. मास्तरांना मी खालून ढकललं. जरा जोरातच.

"बर्फाच्या पेट्या बऱ्या," वत्सलाताई म्हणाल्या. "बडबड करत नाहीत."

हौदा खाली बसला. स्प्रिंगचे पाटे करकरले.

आणि इंजिनाचा ठोका चुकला.

भक्... भक्... परत सरळ. झगडे सरपंच मागच्या कडेला सरकले, तसं परत भक्.

मी सवयीने बॉनेटकडे धावलो. चाचांनी माझी कॉलर धरली. मला मागे, हौद्याकडे वळवलं.

मी मागून वाकून हौद्याखाली टॉर्च मारली. वरून सल्ले सुरू झालेच.

"पेट्रोलात रॉकेल आहे."

"आमच्या वेळी गाड्या लोखंडाच्या असायच्या."

"ह्याला काय कळतंय, शाळेतही ह्याचं लक्ष खिडकीबाहेर," हे मास्तर.

टॉर्चच्या उजेडात टाकीकडे जाणारी वायर दिसली. टाकीतल्या पंपाला करंट देणारी. हौदा आणि चासी यांच्या मधे ती दबत होती. मासळीचं खारं पाणी वर्षानुवर्षं तिच्यावर ठिबकून तिचं साल गेलं होतं. वजन आलं की चिमटा. चिमटा आला की पंपाचा श्वास अडकायचा, आणि इंजिन उपाशी. वजन उतरलं की सगळं ठीक.

आणि मी पुढच्या बाजूला प्लग बदलत बसलो होतो.

सगळ्यांना उतरवलं, इंजिन बंद करून जॅक लावला. खराब तुकडा कापला, नवी वायर जोडली, नळीत घालून चासीच्या आतल्या बाजूने नेली, जिथे हौदा कितीही बसला तरी पोचणार नाही. म्हातारे उभे राहून बघत होते. जॅक काढला तसे कुणी न सांगता परत वर चढले. सरपंचांनी तर आधीची जागा धरली.

स्टार्टर मारला. इंजिन चालू राहिलं. झगडे इकडे सरकले, तिकडे सरकले. ठोका चुकला नाही.

वत्सलाताई हसल्या. बऱ्याच दिवसांनी.

"झालं," मी म्हणालो. "उतरा आता."

कुणी उतरेना.

"घाटापर्यंत तरी ने," सरपंच म्हणाले. "एवढे बसलोच आहोत."

चाचांनी चावी माझ्या हातात ठेवली. "घाट चढवून आण."

"ह्यांना घेऊन?"

"ह्यांनाच घेऊन."

"चाचा, सगळे एकदम बोलतात. एक शब्द बरोबर नसतो. ह्या गोंधळात इंजिन ऐकू कसं येणार?"

चाचा परत खुर्चीत बसले. गार झालेला चहा उचलला...

"शांततेत कुणालाही ऐकू येतं, उस्ताद."